साखर बघायची पट्टी

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७
बारामती

काविळीनं माझ्या वॉर्डातल्या इंदापूरच्या मंगलचं यकृत निकामी झालंय. दुपारी ती हाकेला ओ देईना, तेव्हा मी तिच्या वडिलांना सांगून टाकलं, "तात्या, आजार मेंदूपर्यंत गेलाय, आशा धरू नका." नव्या डॉ. वैशालीनं मात्र बोट टोचून पट्टीवर साखर पाहिली. फारच कमी! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पोरीनं डोळे उघडले. तात्या माझ्यादेखत वैशालीला म्हणाले, "मॅडम, तुमी व्हता म्हणून माजी लेक हाय."

जळफळाट झाला नुसता. धोका टळलेला नाही, हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. खरं होतं म्हणून? छे!

आणि ती पट्टी माझ्याच खिशात होती. वैशालीनं मागितली, तेव्हा मी तिलाच हसत दिली होती.