कोऱ्या पाकिटातली तबकडी

मंगळवार, ४ फेब्रुवारी
गाढवांचा बाजार नुसता! अकरा वर्षं दर मंगळवारी ग्लेनिसच्या पबच्या माडीवर आमचा क्लब रॉक ऐकतो, आणि डेरेकचं आपलं अजून तेच — "सगळं बीटल्सपासून सुरू झालं." अरे बाबा, ती पोरं कुणाचं ऐकून शिकली? अमेरिकेतल्या गिटारवाल्या चक बेरीचं! पण सांगतो कुणाला?

आणि आज कहर. आमचे धाकटे बंधू माल्कम क्लबात दाखल! बावन्न वर्षं बोललो नाही आम्ही. आमच्या बँडमधून हाकललं होतं मी त्याला, सगळ्यांदेखत — "तुझ्या हातात गिटार नाही, फावडं शोभतं." आला तो आला, वर शहाणपणा: "बेरीच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प. तिच्या तबकड्या निघाल्या तेव्हा बेरी शाळेत होता." हा मला शिकवणार!

शुक्रवार, ७
थार्पबाई ऐकली. बरी वाजवते. क्लबात कबूल करणार नाही, मेलो तरी.

मंगळवार, ११
रॉकवर सगळ्यात मोठा ठसा कुणाचा, ते एकच नाव माडीच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. पुढच्या मंगळवारी मतं. त्याआधी नेहमीची परीक्षा — प्रत्येकाने कोऱ्या पाकिटात तबकडी आणि वादकाच्या नावाची चिठ्ठी आणायची, ग्लेनिस लावणार, नुसतं ऐकून वादक ओळखायचा. चुकला त्याचं मत बाद. मी आजवर एकदाही चुकलेलो नाही. माल्कमची जिरणार!

मंगळवार, १८
पहिल्या दोन चुटकीसरशी ओळखल्या. तिसरीत एकटी गिटार, खरखर भरपूर. अंगावर काटाच आला! उठून उभा राहिलो. "बेरी! शिकागो, पंचावन्न साल, कुठेतरी पडून राहिलेली टेप असणार. असा हात शिकवून येत नाही. आपल्या शेफील्डच्या पोरांना सात जन्मांत जमायचं नाही!"

ग्लेनिसने पाकिटातली चिठ्ठी उघडली. मग माझ्याकडे न बघता वाचून दाखवली, "माल्कम. त्र्याहत्तर साल, बाबांच्या शेडमध्ये केलेल्या टेपवरून."

"सात कशाला रे, रॉय? एकाच जन्मात जमलं की!" डेरेक फिदीफिदी हसला.

माल्कम हसला नाही. कोट चढवत म्हणाला, "तुला आवडलं ना? मग झालं." आणि जिना उतरून गेला. माझं मत बाद झालं. भिंतीवर बीटल्स!

बुधवार, १९
त्याला वाजवता येत नव्हतं म्हणून काढलं नव्हतं मी. माझ्यापेक्षा चांगलं वाजवायचा. तेव्हाच ठाऊक होतं मला.