गणपती उद्या आहे

प्रिय अहो,

नावाने हाक कधी मारली नाही, आता काय मारणार! मंडळाच्या गणपतीला निघायचंय. साडी नेसून तयार बसले आहे, पण तुम्ही गेलात तरी तुमच्याशी बोलल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

झालं असं की, काल मंडळातल्या नीलिमाचा फोन आला. "काकू, उद्या आम्ही दोघं येत नाही. ह्यांचे गुडघे धरलेत."

गुडघे! परवाच तिचा दिनेश नदीकाठच्या वाटेवर तरातरा चालताना दिसला. ही मागून धापा टाकत ओरडत होती, "अहो, घर तिकडे!" खोटं मी लगेच ओळखलं. ओळखणारच, तुमच्या वेळी मीच ते बोलत होते. आपल्याकडे फक्त मान धरली होती.

आठवतं? नाहीच आठवणार. त्याचाच तर मी फायदा घेतला.

लोअर हटच्या त्या हॉलच्या दारात तुम्ही प्रत्येकाला इथल्या, न्यूझीलंडच्या माओरी रीतीने "किया ओरा, या या!" म्हणायचात आणि मग झांज घेऊन आरती सुरू करायचात. एका वर्षी आरती संपली आणि तुम्ही तीच पुन्हा धरलीत. लोकांनीही पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा मागे खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा सरकला वाटतं!" त्याच्या कानाखाली द्यायची सोडून मी तुमच्यावरच ओरडले, "पुरे करा! लोकांना भुका लागल्यात."

"संपली का गं?" तुम्ही विचारलंत. "आत्ताच तर सुरू केली."

डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. आपली फार्मसिस्ट लेक म्हणाली, "आई, हा मेंदूचा आजार आहे. बाबांचं ब्लडप्रेशर सगळ्यांना सांगतेस ना? मग हेही सांग."

"ब्लडप्रेशरवाल्याला कुणी वेडा म्हणत नाही!" मी तिला गप्प केलं. दुसऱ्यांच्या अडाणीपणावर आयुष्यभर तोंडसुख घेतलेली मी! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, खरं असेल ते उभं राहून मोठ्याने सांगा. मी बसून राहिले.

पुढच्या गणपतीला तुम्ही रेशमी कुर्ता घालून, झांज घेऊन दाराशी उभे. "निघायचं ना?"

"गणपती उद्या आहे," मी म्हणाले.

तुम्ही शहाण्या मुलासारखा कुर्ता काढून ठेवलात. लेकीला तुमच्यापाशी बसवून मी हॉलवर गेले, सगळ्यांना तुमची मान सांगितली आणि मोदक खाल्ले. घशाखाली उतरले तरी कसे! दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कुर्ता, पुन्हा तुमचं "आज ना?" आणि माझं "उद्या". विसर्जन होऊन गेलं तरी तुमचा उद्या संपेना.

एकदा तरी चिडायचं होतंत हो! एखादी शिवी हासडायची होतीत. विश्वास कसला ठेवून बसलात माझ्यावर?

"वय झालं की होतंच," म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. भेटायला कुणी फिरकलं नाही म्हणून तर मी लोकांना किती नावं ठेवली! पण येणार कसे? दार मीच लावून घेतलं होतं. तुमची अब्रू जपते म्हणत होते. जपत होते ती माझी.

काल नीलिमाला म्हटलं, "मला गुडघे सांगू नकोस. आमची मान याच गावची." ती रडायलाच लागली. "काकू, ते आरतीत मध्येच काहीतरी बोलतील हो."

"बोलू देत. मी न्यायला येते."

तेव्हा ऐका, शब्द देते. आज आरतीच्या आधी मी उभी राहणार आहे. तुम्हाला काय झालं होतं ते नाव घेऊन सांगणार आहे, आणि त्या मानेचंही सांगणार आहे. मग झांज दिनेशच्या हातात देईन. तो तीच आरती पुन्हा पुन्हा म्हणाला, तर मीही त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा म्हणेन. जो हसेल त्याची गाठ माझ्याशी.

तुमची झांज पर्समध्ये घेतली आहे. निघते.

अहो, गणपती आज आहे.

तुमची,
कुंदा