बरणीतलं पाणी

आई, आज सकाळपासून तीनदा स्वयंपाकघरात जाऊन आले आणि तिन्ही वेळा कशाला गेले होते ते विसरले. उद्या संध्याकाळी सण बसतो. मुंबईहून बिनखमिराच्या भाकरीचा खोका आला आहे, पातेली घासून झाली आहेत, खजूर भिजत टाकला आहे. करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी पाय एका जागी ठरत नाहीत. दर वर्षी या दिवशी माझं असंच होतं. सून म्हणते, "आई, बसा की घटकाभर." बसले की तू आठवतेस. म्हणून हे लिहायला घेतलं. तू जाऊन तीस वर्षं झाली, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. मग मी हे कुणासाठी लिहिते आहे, देव जाणे.

नाशिकरोडच्या रेल्वेच्या चाळीत इस्राएलांचं, म्हणजे यहुद्यांचं, घर आपलं एकच. आपले लोक मिसरातल्या गुलामीतून घाईघाईने निघाले, पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून आठ दिवस आंबवलेलं खायचं नाही, हे बाबा दर वर्षी सांगायचे. चाळीतल्या बायकांना मात्र आपला सण ठाऊक होता तो 'अनाशी ढाकायचा सण' म्हणून, कारण तू तेच नाव सांगायचीस. ढाकायचा म्हणजे झाकायचा, आणि अनाशी म्हणजे कोकणातल्या माडीचा मुरवलेला आंबट रस. लग्न होऊन तू घाटावर आलीस तेव्हा तुझ्या आईने ती तपकिरी बरणी तुझ्या मांडीवर ठेवून तुला गाडीत बसवलं होतं. माहेरून कुणी आलं की बाटलीभर नवी माडी जुन्यात पडायची, त्यामुळे बरणीचा तळ कधी कुणी पाहिला नाही. कालवणात थेंब, चिरलेल्या कांद्यावर थेंब, ताप उतरला की माझ्या पेजेत थेंब. सणाआधी तू बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर ओली माती लिंपायचीस आणि ती अंगठ्याने चहूबाजूंनी दाबायचीस. सण उठला की माती फोडून पहिलं बोट मला चाटवायचीस. मला तोच सण वाटायचा.

मग मला शिकायला मुंबईला मावशीकडे ठेवलं. दुसरं महायुद्ध लागायला अजून चार-पाच वर्षं होती, मी तेरा-चौदा वर्षांची. वर्गात बगदादहून आलेल्या यहुदी घरांतल्या गोऱ्या, मोटारीतून येणाऱ्या मुली होत्या. एकदा माझा डबा उघडला तशी एकीने नाकाला रुमाल लावला. "सिरके की बू आती है. तुम लोग कैसे यहुदी?" आमच्याकडे सणाला अनाशी झाकतात, असं मी सांगायला गेले, तर सगळ्याच हसल्या. झाकून भागत नाही, घराबाहेर फेकायचं असतं, किताब में लिखा है, असं ती म्हणाली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या वर्षी सणाला घरी आले ती ताठ मानेने, जुनं सगळं सुधारून टाकायच्या तोऱ्यात.

अंगणात कल्हईवाले चाचा भाता मारताहेत. सणाला तांब्याची सगळी भांडी तुला नव्याने कल्हई करून हवी असतात. नवसागराचा पांढरा धूर खिडकीतून आत येतो आहे. तू नुकतीच बरणी लिंपून हात धुते आहेस आणि मी म्हणते, "आई, हे चालत नाही. फेकून द्यायला हवं. पुस्तकात लिहिलंय."

"माझ्या आयशीनं झाकली, तिच्या आयशीनं झाकली. झाकली की सण लागला."

"त्यांना काय कळतंय? वाचता तरी येत होतं का त्यांना?"

तू माझ्याकडे बघतेस. हे मी तुझ्याबद्दल बोलते आहे, हे दोघींनाही कळलेलं आहे. तेवढ्यात चाचा बाहेरून ओरडतात, "बाई, ह्या पातेल्याला डबल कल्हई लागेल, बघून घ्या!" आणि तू पदराला हात पुसत बाहेर जातेस. मी माती फोडली, बरणी मोरीत उपडी केली, दोनदा विसळली, माठातलं पाणी गळ्यापर्यंत भरलं आणि फडकं बांधून पुन्हा लिंपली. नवसागराच्या धुरात वास कुणाला आला नाही. माती मी माझ्या अंगठ्याने दाबली.

सण उठला त्या सकाळी बाबा ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते. तू बरणी पुढ्यात घेतलीस. मातीचा एक तुकडा काढून कितीतरी वेळ बघत राहिलीस आणि मग मुठीत चुरलास. बोट बुडवून चाखलंस. बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" तू म्हणालीस, "पाणी झालं हो. पोरीचं पुस्तक खरं निघालं." आणि हसलीस. आई, त्या हसण्याने मला अजून झोपू दिलेलं नाही.

त्यानंतर तू कोकणातून माडी मागवली नाहीस. बरणीत मीठ भरलंस. प्रत्येक सणाला मला विचारायला लागलीस, पुस्तक काय म्हणतं? आणि मी ठोकून द्यायचे. तांदळाची भाकरी चालते का, असं विचारलंस, मी नाही म्हणाले. शेवटच्या वर्षांत तुझे दात हलत होते, तरी आठ दिवस तू मुंबईची ती कडक भाकरी चहात बुडवून खात राहिलीस. समोर बसून मी ते बघत होते.

तू गेल्यावर मी ते पुस्तक नीट वाचलं. आंबू द्यायचं नाही ते गहू, जव असल्या धान्याचं. माडाच्या झाडाचं त्यात नावच नाही. आपल्यासारख्यांच्या घरी तांदूळही चालतो. तुझी बरणी झाकायचीसुद्धा गरज नव्हती, मग फेकणं तर लांबच. मातीवरचा तो लहान अंगठा तू ओळखला होतास का, एवढंच मला हवं आहे. ओळखला असशील, तर बाबांसमोर मला वाचवायला तू स्वतःचा सण देऊन टाकलास. ओळखला नसशील, तर देवानेच तुला चूक ठरवलं असं समजून तू उरलेलं आयुष्य काढलंस. यातलं कुठलं कमी वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही, आणि दोन्ही माझ्याच हातचं आहे.

ती बरणी माझ्याकडे आहे, अजून मिठाचीच. हा कागद तिच्याखाली सरकवून ठेवते. पाठवायचा तर कुठे? एक तेवढं राहिलं. त्या दिवशी "पुस्तकात लिहिलंय" म्हणून मी तुझ्यावर डाफरले, तेव्हा ते पुस्तक मी उघडूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं.