स्कॅनर मागवू नका, बाबा

बाबा,

ड्युटीवर निघते आहे. तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. पोहे झाकून ठेवलेत.

लॅपटॉपवर कार्टमध्ये तुम्ही टाकलेला, रेडिओवरचं बोलणं ऐकायचा तो डिजिटल ट्रंकिंग स्कॅनर दिसला. साध्या स्कॅनरचा इथे उपयोग नाही, हे तुम्ही बरोबर शोधलंत. पण हाही चालणार नाही. आमच्या ॲम्ब्युलन्सचं रेडिओवरचं बोलणं एन्क्रिप्टेड असतं, बाहेरच्याला नुसती खरखर ऐकू येते, आणि ते चोरून ऐकणं इथे आखातात गुन्हा आहे. तेवढा कार्टमधून काढून टाका, प्लीज.

कशासाठी हवा होता, ते कळतं मला. गेल्या आठवड्यात डोंगरातल्या वादीला, त्या एरवी कोरड्या असलेल्या ओढ्याला, पूर आला, रस्ता बंद झाला, माझा फोन लागेना, आणि तुम्ही दिवसभर खिडकीत बसून होतात. शेजारच्या शुभ्राने सांगितलं. यापुढे कुठे अडकले तर कंट्रोल रूममधला सुजीत तुम्हाला फोन करेल. बोलून ठेवलंय त्याच्याशी.

त्या दिवशी स्कॅनर असता, तरी गाडी अडकली एवढंच ऐकू आलं असतं. आत काय चाललं होतं, ते रेडिओवर सांगायला आमचे हात मोकळे नव्हते. एका बाईची डिलिव्हरी केली मी, गाडीतच. मुलगी झाली. घरी येऊन नुसती झोपले, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

त्या बाईचा नवरा आज संध्याकाळी खजूर घेऊन येणार आहे. नको म्हटलं, ऐकत नाही. मल्याळी आहे, पण हिंदी छान बोलतो. त्याला चहा द्या, आणि मुलीचं नाव काय ठेवलं ते विचारा. आल्यावर मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

वैभवी