पेलण्यापलीकडचं वजन

१२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू बरा असशील. इथे सगळं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात म्हणून फरशी बसवायची कामं कमी केलीत. स्वयंपाक मीच करतो. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही.

परवा पिकअप भंगारात दिली. त्याआधी दाराच्या आतली, गाडी किती वजन पेलते ते सांगणारी पट्टी पुसून वाचली. तू तिच्यावर बोट ठेवायचास आणि मी म्हणायचो, "अरे, ही दोन टन ओढते!"

"दादा, ओढणं वेगळं, पाठीवर पेलणं वेगळं. ट्रेलरचं तोंड गाडीवर टेकतं, तेही पेलण्यातच धर. बसणारी माणसंसुद्धा."

"मग तुझ्या वहिनीला काट्यावर बसवू का?"

पाच वर्षांपूर्वीच्या त्या अपघातानंतर मी सगळ्यांना सांगितलं, ट्रेलरमध्ये फक्त लाद्या होत्या. त्या मी सगळ्या पुढच्या टोकालाच रचल्या होत्या. शिवाय पिकअपच्या हौद्यात सिमेंटच्या बारा गोण्या होत्या, त्या सांगितल्याच नाहीत. गाडी मागून बसली होती, नाक वर. तुझी वहिनी म्हणाली, "भाऊजींना एकदा दाखवू या." मी म्हटलं, "उशीर होतोय."

उतारावरच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, तर पुढच्या चाकांना रस्ता लागेचना. गाडी सरळ कठड्यावर गेली. तुझ्या वहिनीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात कुणीतरी विचारलं, "ब्रेक फेल?" आदल्याच आठवड्यात ब्रेकचं काम तू केलं होतंस. मी होकारार्थी मान हलवली. तू तिच्या पलंगाशी रडलास, "वहिनी, माझ्या हातून झालं." मग गॅरेजला कुलूप लावून गाव सोडलंस. मी अडवलं नाही.

ब्रेक उत्तम लागत होते, धाकट्या.

तुझी वहिनी चार महिन्यांपासून लेकीकडे आहे. वर 'सगळं ठीक' लिहिलंय ते खोटं. जाताना म्हणाली, "तुम्ही खरं सांगाल म्हणून पाच वर्षं वाट पाहिली. मी सांगितलं असतं, पण मग भाऊजींना भाऊ उरला नसता. तुम्हीच सांगा."

काल गाडीतळावर सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगितलं. तुझ्या गॅरेजातला जुना मिस्त्री ऐकून निघून गेला. त्यानंतर माझ्याशी कुणी बोललेलं नाही. बरोबरच आहे.

तिलाही हेच लिहून पाठवतोय. ती परत यावी म्हणून नाही. तू मात्र पुन्हा हातात पाना घे. तुझ्या हातांत काहीच खोट नव्हती.

तुला अजून तसं म्हणवत असेल तर,
तुझा दादा