निरोपाच्या दिवशी उपाशी

पाटणकर मॅडमना शेवंतीचा नमस्कार,

हे पत्र मी तुमच्या हातात काही देणार नाही. पण गप्प बसवत नाही, म्हणून लिहितेय.

उद्या तुमचा निरोप समारंभ. "मावशी, तुम्हीपण दोन शब्द बोला," म्हणून लॅबमधले सगळे मागे लागलेत. मी फरशी पुसणारी, काय बोलू?

आमच्या ह्यांचं पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं तेव्हा डॉक्टर कोल्हापूरला न्या म्हणाले. तुम्ही रक्ताची नळी उजेडात धरलीत नि माझ्यावरच खेकसलात, "शेवंते, ही नळी मालगुंडहून रिक्षात हलवत आणलीस काय गं? रक्त फुटलंय, त्यानं पोटॅशियम वाढलेलं दिसतं. हा आकडा खोटा. परत घ्या." परत घेतलं तर सगळं बरोबर. हे अजून माझ्याशी भांडतायत ते तुमच्यामुळे.

आज माझं रक्त तपासलंत, पण रिपोर्ट दिला नाहीत. "उद्या उपाशी ये, परत बघू," एवढंच बोललात. खेकसलात पण नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. परत बघायचं ते आकडा खोटा वाटला म्हणून, की खरा वाटला म्हणून?

उद्या सगळे सामोसे खातील नि मी उपाशी बसेन. माइक हातात दिलाच तर सरळ सांगेन, मॅडम, शाल मागनं घ्या, आधी माझं रक्त घ्या. जे काय निघेल ते मला नव्या साहेबांच्या तोंडून नको. तुम्हीच सांगा.

आणि खेकसून सांगा.

तुमची,
शेवंती