सारवलेली भिंत

चामटोली, १५ सप्टेंबर १९९१, रविवार

पहिली टपकली ती शेजारची सखू. पाहुणे अजून बदलापूर स्टेशनावर, आणि हिचा चहा पिऊन झालेला! म्हणते, "आक्के, तुझ्या माश्या बघायला माणसं येतात, मला बघायला कोण येत नाय." हसून पोट दुखलं.

आमच्या पडवीच्या भिंतीवर कुंभारीण माशी मातीची घरं बांधते, ते नातीने, शोभाने, लिहून पाठवलं. निसर्गमंडळाच्या मासिकात छापून आलं, नावासकट! मी गावभर दाखवलं. आज मंडळाच्या दोघी बाया पुढच्या अंकासाठी फोटो काढायला आल्या. शोभाच आणायला गेली होती.

"आजी, घरटी कुठायत?"

मी कौतुकाने भिंत दाखवली. पाहुणे येणार म्हणून शोभाची पाठ वळताच खरवडून शेणाने सारवलेली. एक डाग ठेवला नव्हता.

शोभा नुसती भिंतीकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं. मला कसं सुचलं नाही?

एक बाई म्हणाल्या, "माशी परत बांधेल, आजी." बांधेल ना? दसऱ्याला सगळं घर सारवीन, ती भिंत सोडून. दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो म्हणाल्यात.